नागीण झाली, कुणाला सांगितलं?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला विषय दिलाय 'एचआयव्हीसोबत येणारे आजार'. टीबीबद्दल आपण प्रत्येक शिबिरात बोलतो आणि ते बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे एचआयव्ही झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त मारतो तो टीबीच. पण आज टीबी थोडा बाजूला ठेवते. आज मला नागिणीबद्दल बोलायचंय. ज्या घरात कधीच कुणाला नागीण झाली नाही, असं घर आपल्या गावांत शोधावं लागेल. इतका ओळखीचा आजार, म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं. माझंही राहून गेलं होतं. सुरुवात तिथूनच करते.

मी डॉक्टर नाही. इंदापूर तालुक्यात वाढले, आणि आता तीस वर्षं होत आली, गटाचं काम करतेय. औषधांबद्दल जे सांगेन ते डॉक्टर मैत्रिणींकडून तपासून घेतलंय. बाकीचं माझं स्वतःचं आहे.

१९९८ ची गोष्ट. उजनीच्या फुगवट्याच्या काठाला एक वाडी आहे. तिथली सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी आमच्या बचत गटात होती. नवरा पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकवर असायचा. तो वर्षभरापूर्वी वारला होता. टीबीनं गेला, असं घरचे सांगत. पदरात एक मुलगी. एक दिवस ती बैठकीला आली ती पदर अंगापासून लांब धरून. डाव्या कुशीपासून पाठीच्या कण्यापर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा उठलेला. ब्लाउजची कड टेकली तरी कळवळायची. सासू तिला नागीण उतरवणाऱ्या आजोबांकडे घेऊन निघाली होती. मी आडवी आले. मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "आत्याबाई, मंत्रबिंत्र काही नको. दूर्वा आणि तांदूळ वाटून लावा, उष्णतेचं आहे, जाईल आठ दिवसांत." आठ नाही, तीन आठवडे लागले, पण फोड सुकले. अंधश्रद्धेवर विजय मिळवला, असं मी गटाच्या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

एक प्रश्न मी विचारला नाही. एवढ्या तरण्या बाईला नागीण का झाली?

का विचारायला हवा होता, ते आधी सांगते. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या होतात. अंगावरच्या कांजिण्या जातात, त्यांचा विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांची मुळं असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निजून राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याला तिथे दाबून ठेवते. ती ढिली पडली की तो उठतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी गेलेली असते, म्हणून नागीणही पट्ट्यानंच उठते आणि बहुतेक वेळा मध्यावर थांबते. 'तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो' असं आपल्याकडे म्हणतात. निरोगी माणसात ती सहसा जुळतच नाहीत. त्यामुळे उतरवणाऱ्याला यश हमखास!

प्रतिकारशक्ती ढिली पडायची कारणं बरीच आहेत. वय हे सगळ्यात मोठं. साठी उलटलेल्या माणसाला नागीण झाली तर त्यात नवल नाही. साखरेचा आजार असतो, कॅन्सरची औषधं चालू असतात. कधी काहीच कारण सापडत नाही. पण विशी-तिशीतल्या माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करायला सांगावं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. एचआयव्ही असताना नागीण पुष्कळदा लवकर, म्हणजे माणूस वरून धडधाकट दिसत असतानाच येते. वजन उतरलेलं नसतं, जुलाब नसतात, खोकला नसतो. पुढे ताकद आणखी उतरली की मग नागीण पट्टा सोडते, दोन-तीन पट्ट्यांवर पसरते, कधी अंगभर उठते, परत परत येते आणि काळे खोल वण ठेवून जाते. तोंड-शेपटीची ती म्हण कुणीतरी असलीच नागीण बघून केली असेल का, असं मला कधी कधी वाटतं.

त्या मुलीला दुसऱ्यांदा नागीण झाली नाही. २००१ मध्ये ती मला म्हणाली, "ताई, डोळ्यापुढं माश्या उडत्यात बघा. हातानं वारलं तरी जाईनात." आम्ही तिला चष्म्याचा नंबर काढायला नेलं. चष्मा आला, माश्या तशाच. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, म्हणून आम्हीही निवांत. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर उजव्या डोळ्याची नजर गेली होती. तिथल्या डॉक्टर बाईंनी बाहुलीत थेंब टाकून आतला पडदा बघितला आणि रक्त तपासायला सांगितलं. डोळ्यात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू होता. हाही नागिणीच्याच कुळातला. बहुतेकांच्या अंगात तो असतो आणि काही करत नाही. एचआयव्हीत सीडी-फोर पेशी अगदी खाली, पन्नासच्या आत गेल्या की तो डोळ्याचा पडदा खायला लागतो.

वाडीवर परतल्यावर तिच्या दिरानं तोंड उघडलं. १९९४ मध्ये तिच्या नवऱ्याच्या छातीवर नागीण उठली होती. त्याला दाखवलेल्या खासगी डॉक्टरनं रक्त तपासलं आणि थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं. भावानं आईला सांगितलं. आईनं मोठ्या मुलीला सांगितलं. घरातल्या चौघांना माहीत होतं. बायकोला सांगितलं, "उष्णता झाली, ताक पाज." ती त्याला ताक पाजत राहिली आणि रात्री त्याच्याशेजारी झोपत राहिली, तीन वर्षं. तो गेल्यावर तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं.

बायांनो, सगळा कारभार या 'कुणाला सांगितलं' मध्ये आहे. त्या नागिणीनं १९९४ लाच वर्दी दिली होती. वर्दी पोचली, पण जिच्या जिवाचा प्रश्न होता ती सोडून बाकी सगळ्यांना.

एचआयव्हीवरच्या गोळ्या तेव्हा बाजारात मिळत होत्या, पण महिन्याचा खर्च तिच्या महिन्याच्या मजुरीच्या कितीतरी वर. ती २००२ च्या दिवाळीनंतर गेली. सरकारनं एआरटी फुकट द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ ला, तीही मोजक्या मोठ्या दवाखान्यांत.

हे एका वाडीचं दुर्दैव, असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या बायकांची पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती, ती १९९७ मध्ये छापून आली. धंदा न करणाऱ्या ३९१ बायका त्यात होत्या. बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांतल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही होता. या दवाखान्यात आलेल्या बायका होत्या, म्हणून हा आकडा सगळ्या बायकांना लावायचा नाही. पण 'वाईट चालीच्या बाईला एड्स होतो' म्हणणाऱ्याला तो जरूर ऐकवायचा. लग्न हेच त्यांच्यासाठी धोक्याचं ठिकाण होतं.

त्याच पुण्याच्या दवाखान्यांतली आणखी एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती या कुळातल्या तिसऱ्या विषाणूबद्दल आहे. हर्पिस सिम्प्लेक्स, दोन नंबरचा. हा खालच्या जागी येतो. योनीच्या तोंडाशी बारीक फोड, मग जखमा, लघवीला गेलं की आग. आपल्याकडे बाई हे आईलाही सांगत नाही. नवऱ्याकडून येतो आणि बाईला वाटतं, माझीच काहीतरी अस्वच्छता. पाहणीत एचआयव्ही नसलेली २७३२ माणसं होती, बाप्ये आणि बाया मिळून, आणि त्यांतल्या ४३ टक्के लोकांच्या रक्तात या हर्पिसची खूण सापडली. ज्यांना तो नुकताच लागला होता त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळजवळ चौपट निघाला. कारण समजायला सोपं आहे. जखम म्हणजे उघडं दार, आणि एचआयव्हीला ज्या पेशी हव्या असतात त्याच जखम भरायला तिथे गोळा झालेल्या असतात.

मग हर्पिसच्या गोळ्या रोज दिल्या तर एचआयव्ही पसरायचा थांबेल का? तेही करून बघितलं गेलं. आफ्रिकेत, जिथे जोडप्यातल्या एकालाच एचआयव्ही आहे आणि त्यालाच हर्पिसही आहे, अशा तीन हजारांहून जास्त जोडप्यांवर. २०१० मध्ये निकाल आला. उपयोग झाला नाही. म्हणून हर्पिसचं औषध घेतलं की निरोधची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जखमेसाठी औषध जरूर घ्या. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लिंगसांसर्गिक आजारांची रंगीत पाकिटं असतात, हर्पिसचं लाल. आणि जखम महिना उलटला तरी भरत नसेल तर ती साधी गोष्ट नाही. एचआयव्ही पुढच्या पायरीला गेल्याची ती खूण असू शकते. मग ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच जायचं. दिवस भरत आलेल्या बाईला पहिल्यांदाच असे फोड आले तर प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे, कारण बाळाच्या जिवाला धोका असतो. लाज वाटली तरी सांगायचं. आपण सोबत असलो की लाज थोडी कमी होते, एवढं मी पाहिलंय.

आता नागिणीच्या औषधाचं. अ‍ॅसायक्लोव्हिर नावाची गोळी, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केली तर जास्त फायदा, आणि ती डॉक्टरांनीच द्यायची, कारण मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर प्रमाण बदलतं. एचआयव्ही असेल तर तीन दिवस उलटून गेले तरी जायचंच. मेडिकलवाला याच औषधाची मलमाची ट्यूब हातावर ठेवतो, बाई पैसे मोडते आणि समाधानानं घरी येते. नागिणीला त्या ट्यूबचा उपयोग होत नाही. पाच वेळा गोळी म्हणजे काय, हे पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईला कसं जमायचं, याचा विचार ते ठरवणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. आम्ही मोबाइलचे पाच गजर लावून देतो. आणि नागीण कपाळावर, डोळ्याजवळ असेल किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. उद्या नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण त्यापायी बायका औषध सोडतात. बारामतीत शिवणकामाला जाणारी आमची एक मैत्रीण आहे. तिनं एआरटी सुरू केली आणि दोन महिन्यांत तिला नागीण झाली. शेजारीण म्हणाली, "गोळ्या गरम पडल्या." तिनं गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलंही नाही. खरं असं आहे, की गोळ्यांनी दबलेली प्रतिकारशक्ती परत उभी राहते, अंगात लपलेल्या विषाणूंशी तिची झटापट होते आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत नागिणीसारखे आजार उफाळून येतात. म्हणजे गोळ्या काम करताहेत. नागिणीचं औषध वेगळं घ्यायचं आणि एआरटीचा एकही दिवस चुकवायचा नाही. ती चार महिने गोळ्यांशिवाय राहिली. आता परत सुरू आहे, विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेलाय. विषाणू असा खाली राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही, हे आता पक्कं झालंय. जिभेच्या कडांना न खरवडता येणारे पांढरे पट्टे दिसतात तेही याच कुळातल्या एका विषाणूचे. त्यांना भ्यायचं कारण नाही, दाखवायचं मात्र.

आता गेल्या गाळप हंगामातलं सांगते आणि थांबते. भवानीनगरच्या बाजूला मराठवाड्यातली एक टोळी उतरली होती. त्यातल्या एका तरण्या गड्याच्या कपाळावर नागीण उठली, डोळा सुजून बंद. मुकादमाचं म्हणणं, सुई मारा आणि फडात पाठवा. तुम्हाला माहीतच आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक पडला की दुसऱ्यानं दोघांचं तोडायचं, उचल तर फेडायचीच आहे. त्याची बायको आमच्या कार्यकर्तीला कोपीबाहेर भेटली आणि विचारलं, "बाई, हे मला बी हुईल का?"

मला १९९८ आठवलं. हा प्रश्न त्या मुलीला कुणी विचारूच दिला नव्हता.

नागीण नागीण म्हणून लागत नाही. ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत त्याला त्या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात, म्हणून पोटुशी बाई आणि तान्हं मूल फोड सुकेपर्यंत लांब ठेवावं. हे तिला सांगितलं. मग सांगितलं, की तरण्या माणसाला नागीण झाली तर एक रक्ततपासणी करून घ्यावी, दोघांनीही. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि गुप्त राहते. गडी चिडला. "मी काय तसला हाय का?" त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं जास्त निकडीचं होतं, ते आधी केलं. तपासणीला दोन दिवसांनी तो आपण होऊन आला. आम्ही ओढून आणलं नाही, आणि तसं आणायचंही नाही. बाई असो की बाप्या, न विचारता रक्त तपासणं हा गुन्हाच समजायचा.

समुपदेशकानं दोघांना वेगवेगळं बसवलं. त्याला एचआयव्ही निघाला. तिला नाही.

त्याचा भाऊ बाहेर उभा होता. त्यानं विचारलं, "काय निघालं?" त्याला काही सांगितलं गेलं नाही. एचआयव्ही-एड्सचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाच्या संमतीशिवाय त्याचा रिपोर्ट भावाला, आईला, मुकादमाला, कुणालाच सांगता येत नाही. जोडीदाराला धोका आहे आणि माणूस स्वतः सांगत नाही असं दिसलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक, आधी त्याला तसं कळवून, जोडीदाराला सांगू शकतो. आणि याच्या उलटही त्यात आहे. एचआयव्ही बाईला असेल, आणि सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचं नाही. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्कही त्यात लिहिलाय. हा कायदा मी पाठ केलाय, तुम्हीही करा. आपण कार्यकर्त्याही 'बाहेरच्या'च आहोत, हे विसरू नका. मैत्रिणीचा रिपोर्ट गटाच्या बैठकीत बोलायचा नसतो. आपल्यातल्याच कुणाकडून हे झालेलं आहे, नाव घेत नाही.

त्या गड्यानं एक संध्याकाळ घेतली आणि बायकोला स्वतः सांगितलं. ती रडली, भांडली, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. फडात मात्र गेली, कारण मोळ्या मोजल्या जात होत्या. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डोळा वाचला, थोडा अंधूक राहिला. तिला सांगितलंय, की लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची आणि तोवर निरोधशिवाय नाही. एप्रिलमध्ये टोळी गावाला गेली. त्याचं एआरटीचं पुस्तक त्यांच्या तालुक्याच्या जवळच्या केंद्राकडे लावून दिलंय. तिची दुसरी तपासणी तिकडेच व्हायची होती. तिच्याकडे माझा नंबर आहे. फोन अजून आलेला नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. खालच्या दुखण्याचं विचारायचं असेल आणि इथे सगळ्यांत जमत नसेल, तर जेवणानंतर मी मागच्या ओट्यावर बसलेली आहे, तिकडे या.